इंधनाचा हिशेब आणि उड्डाणापूर्वीची पाहणी

लहान विमानाचे इंजिन आकाशात एकाएकी बंद पडल्याचे वृत्त वाचले की सामान्य वाचकाच्या मनात पहिली शंका येते ती यंत्राविषयी. एखादा भाग तुटला असावा, एखादी नळी फुटली असावी, असे त्याला वाटते. वस्तुतः पुष्कळ वेळा अशा इंजिनात कोणताही बिघाड सापडत नाही. त्याला जे लागते ते मिळेनासे झालेले असते, एवढेच. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने २०११ ते २०१५ या काळातील खाजगी व लहान विमानांच्या अपघातांची छाननी केली. तीत इंधनाच्या व्यवस्थेतील चुकांमुळे दर वर्षी सरासरीने पन्नासाहून अधिक अपघात घडल्याचे दिसून आले. याहूनही विचार करण्याजोगी गोष्ट अशी की, या अपघातांत सापडलेल्या वैमानिकांपैकी शिकाऊ उमेदवार अवघे दोन टक्के होते आणि जवळजवळ निम्मे वैमानिक व्यावसायिक किंवा त्याहून वरच्या दर्जाचा परवाना बाळगणारे होते. शिकाऊ उमेदवार शिक्षकाच्या नजरेखाली असतो, आणि प्रत्येक गोष्ट दोनदा पाहण्याइतकी भीती त्याच्या मनात असते. परवाना जुना होत जातो तशी ही भीती झिजत जाते.

या अपघातांचे दोन प्रकार केले जातात. पहिल्यात विमानातील इंधन खरोखरच संपलेले असते. दुसऱ्यात ते शिल्लक असते, परंतु इंजिनापर्यंत पोहोचत नाही. भरलेल्या टाकीची तोटी बंद राहिलेली असते, किंवा टाकीत हवा जाण्याची वाट बुजलेली असते, किंवा इंधनाच्या जागी पाणीच नळीत उतरलेले असते. वर उल्लेखिलेल्या छाननीत पहिल्या प्रकारचे अपघात सुमारे ५६ टक्के आणि दुसऱ्या प्रकारचे सुमारे ३५ टक्के भरले. दोन्ही प्रकारांचे मूळ बहुधा जमिनीवरच सापडते. पुढे सांगितलेल्या घटनेत तर दोन्हींचे धागे एकमेकांत गुंतलेले आहेत.

१२ ऑक्टोबर १९९७ रोजी अमेरिकेतील विख्यात गायक जॉन डेन्व्हर कॅलिफोर्नियातील मॉन्टेरे येथील विमानतळावरून एकटाच उडाला. त्याचे विमान ‘लाँग-ईझी’ या जातीचे होते. बर्ट रुटान या संरचनाकाराच्या आराखड्यांवरून हौशी लोक स्वतःच्या हातांनी हे विमान बांधतात. त्यात दोन आसने एकामागे एक असतात आणि इंजिन मागच्या बाजूस असते. डेन्व्हर नवशिका नव्हता. अडीच हजारांहून अधिक तासांच्या उड्डाणाचा अनुभव त्याच्या गाठीशी होता. मात्र हे विशिष्ट विमान त्याच्या ताब्यात नुकतेच आले होते, आणि ते चालवण्याचा सराव त्याला फारच थोडा मिळाला होता.

या विमानात दोन टाक्या होत्या व कोणत्या टाकीतून इंधन घ्यावयाचे ते एका तोटीने ठरवावे लागे. रुटानच्या मूळ आराखड्यात ही तोटी वैमानिकाच्या पुढ्यात, दोन पायांच्या मध्ये दाखविलेली आहे. हे विमान बांधणाऱ्याने मात्र ती वैमानिकाच्या डाव्या खांद्यामागील भिंतीवर बसविली होती. बैठकीच्या जागेतून इंधनाच्या नळ्या जाऊ नयेत हा त्यामागील हेतू सुरक्षिततेचाच होता. तोटीवर कोणतीही खूण नव्हती. टाक्यांतील इंधन दाखविणाऱ्या काचाही वैमानिकाच्या पाठीमागे होत्या आणि त्यांवरही प्रमाणाच्या रेषा आखलेल्या नव्हत्या. ती तोटी फिरवायची तर सुकाणूच्या दांड्यावरील हात काढावा, खांद्याचा पट्टा सैल करावा, अंग वळवावे आणि उजवा हात डाव्या खांद्यावरून मागे न्यावा, एवढी कसरत करावी लागे.

उड्डाणापूर्वी तेथील एका तंत्रज्ञाशी डेन्व्हरचे या अडचणीविषयी बोलणे झाले. तोटीची मूठ लांबवता येते का, म्हणून तिला पकड लावून पाहण्यात आली. ते जमले नाही. मागील काचा पाहता याव्यात म्हणून तंत्रज्ञाने त्याला एक आरसा दिला. त्या वेळी एका टाकीत निम्म्याहून कमी व दुसरीत पावाहूनही कमी इंधन असल्याचे तंत्रज्ञाच्या ध्यानात आले होते. इंधन भरून देण्याची तयारी दर्शविली असता, आपण तासाभरच उडणार आहोत असे सांगून डेन्व्हरने ते नाकारले. विमानतळावर उतरण्या-उडण्याचा थोडा सराव करून तो समुद्रकिनाऱ्याकडे गेला आणि काही मिनिटांतच विमान सुमारे ५०० फुटांवरून उपसागरात कोसळले. चौकशीचा निष्कर्ष असा की, तोटी फिरवण्यासाठी वळताना त्याचे लक्ष विचलित झाले व उजव्या पायाखालील पट्टी नकळत दाबली गेली. उड्डाणापूर्वीची अपुरी तयारी, विशेषतः इंधन न भरणे, तोटीची व काचांची सदोष रचना आणि या विमानाचा अपुरा सराव यांनी अपघातास हातभार लावला, असेही मंडळाने नोंदविले.

ही हकीकत विस्ताराने सांगण्याचे कारण असे की, तिच्यातील एकही दोष उड्डाणापूर्वी अज्ञात नव्हता. तोटी अडचणीची आहे हे ठाऊक होते, इंधन थोडे आहे हेही दिसले होते. टाक्या भरून घेतल्या असत्या तर त्या सायंकाळी ती तोटी हवेत फिरवण्याचा प्रसंग बहुधा आलाच नसता.

टाकीत इंधन किती आहे हा प्रश्न वरवर दिसतो तितका सोपा नाही. लहान विमानाच्या टाक्या बहुधा पंखांत असतात. त्या रुंद आणि उथळ असतात. इंधनावर तरंगणाऱ्या गोळ्यावरून मापकाचा काटा हलतो. विमान वळले, कलले, हवेचे धक्के बसले की काटाही हेलकावे घेतो. रुंद टाकीत पाच-दहा लिटरांचा फरक पृष्ठभागाच्या उंचीत जेमतेम दिसतो. विमान सरळ उडत असता व वापरण्याजोगे इंधन संपले असता काट्याने शून्य दाखवावे, अशी अमेरिकेतील नियमांची मापकाविषयीची प्रमुख अपेक्षा आहे. म्हणून जुने शिक्षक मापकाला दुय्यम साक्षीदार मानतात. पहिला साक्षीदार म्हणजे खुणा केलेली काठी; ती टाकीचे झाकण उघडून आत बुडवावयाची व ओली रेघ वाचावयाची. तीही सपाट जमिनीवर उभ्या असलेल्या विमानातच विश्वासार्ह ठरते. उतारावर उभ्या असलेल्या काही विमानांत वरच्या पंखातील इंधन नळीवाटे खालच्या पंखात उतरते, आणि काठी दोन्हीकडे वेगळीच कथा सांगते.

टाकीतील सर्व इंधन वापरता येत नाही, हेही लक्षात ठेवावे लागते. भारतातील अनेक उड्डाणसंस्थांतून ज्यावर विद्यार्थी शिकले त्या ‘सेसना १५२’ या दोन आसनी विमानाच्या साध्या टाक्यांत २६ अमेरिकन गॅलन इंधन मावते. त्यांपैकी साडेचोवीस गॅलन, म्हणजे सुमारे ९२ लिटर, उपयोगात येते. उरलेले दीड गॅलन तळाशी राहते. ते इंजिनाला मिळेल असा भरवसा धरता येत नाही.

आता हे ९२ लिटर किती पुरतील ते पाहू. समजा, विमानाचा हवेतील वेग ताशी १८० किलोमीटर आहे आणि काटकसरीने चालविल्यास ते तासाला २३ लिटर इंधन जाळते. ३०० किलोमीटर दूरच्या गावी जाऊन तेथे इंधन न घेता परत यावयाचे आहे. वारा नसेल तर जाण्यास एक तास चाळीस मिनिटे व येण्यास तितकीच, अशी एकूण तीन तास वीस मिनिटे लागतील. इंधन सुमारे ७७ लिटर. इंजिन सुरू करणे, धावपट्टीपर्यंत जाणे इत्यादींसाठी तीन लिटर धरले तर ८० लिटर खर्च होऊन १२ लिटर उरतात. ते अर्ध्या तासाला जेमतेम पुरतात. अमेरिकेतील नियमांप्रमाणे दिवसा, जमीन नजरेसमोर ठेवून करावयाच्या उड्डाणात ठरलेल्या ठिकाणी पोहोचल्यावर आणखी अर्धा तास व रात्री पाऊण तास उडता येईल एवढा साठा आवश्यक असतो. त्या दृष्टीने हा बेत कायद्यात बसतो.

परंतु जाताना समोरून ताशी ३६ किलोमीटर वेगाचा वारा असेल तर काय होईल? येताना तोच वारा पाठीमागून असेल, तेव्हा लाभ-हानी सारखीच होईल असे कोणासही वाटेल. तसे होत नाही. जाताना विमानाचा जमिनीवरील वेग १४४ किलोमीटर होतो व दोन तास पाच मिनिटे लागतात. येताना तो २१६ किलोमीटर होतो व एक तास तेवीस मिनिटे लागतात. एकूण वेळ तीन तास अठ्ठावीस मिनिटे झाला. विमान विरुद्ध वाऱ्यात अधिक काळ राहते व अनुकूल वाऱ्यात कमी काळ, म्हणून येऊन-जाऊन वारा नेहमी तोट्याचाच पडतो. खर्च आता ८३ लिटर झाला आणि उरले ९ लिटर. अर्ध्या तासाचा साठा राहिला नाही.

यापुढची गोष्ट अधिक नाजूक आहे. तासाला २३ लिटर हा आकडा इंधन व हवा यांचे मिश्रण उंचीप्रमाणे विरळ केले असता लागू पडतो. विमानाच्या पुस्तिकेतील तक्तेही तसेच गृहीत धरून केलेले असतात. वैमानिकाने मिश्रणाची मूठ सबंध वेळ पुढे, म्हणजे गडद मिश्रणावर, ठेवली तर खर्च तासाला २७ लिटरांवर जाऊ शकतो असे धरू. मग त्याच प्रवासास ९७ लिटर लागतील. ते टाकीत नाहीतच. सुमारे तीन तास अठरा मिनिटांनी, घर ३८ किलोमीटरांवर असताना इंजिन थांबेल. विमान निर्दोष, हवा स्वच्छ, वैमानिकाने आकडेमोडही केलेली. चुकली ती वारा आणि एक मूठ यांची गणना. नियमातील अर्धा तास ही किमान मर्यादा आहे आणि अनुभवी शिक्षक स्वतःसाठी पूर्ण तास राखून ठेवतात, त्यामागील कारण या उदाहरणावरून स्पष्ट व्हावे.

एवढ्यासाठी प्रत्येक वेळी टाक्या काठोकाठ भराव्यात, हा उपाय सुचेल. दोन आसनी विमानात तो बहुधा चालतो, परंतु चार आसनी विमानात अडचण येते. या विमानांचे पेट्रोल लिटरला सुमारे ०.७२ किलोग्रॅम भरते. ‘सेसना १७२’ च्या एका प्रचलित नमुन्यातील वापरण्याजोगे ४० गॅलन इंधन म्हणजे सुमारे १०९ किलोग्रॅम वजन, म्हणजेच जवळजवळ दोन हलक्या प्रवाशांचे ओझे. चार धडधाकट माणसे, त्यांच्या पेट्या आणि पूर्ण टाक्या असे सर्व घेऊन उडण्याची अनुज्ञा बहुतेक चार आसनी विमानांना नसते. यजमान वैमानिकाला पाहुण्यांपैकी एकाला खाली उतरवणे जड जाते. इंधन कमी करणे मात्र सोपे, कारण इंधन तक्रार करीत नाही. अशा वेळी वाटेत कोठे तरी उतरून इंधन घेण्याचे आधीच ठरविणे, एवढाच मार्ग उरतो. भारतात तेही नेहमी सुलभ नसते, कारण दट्ट्याच्या इंजिनांना लागणारे हे खास पेट्रोल मोजक्याच विमानतळांवर मिळते. २०२२ मध्ये इंडियन ऑइलने ते देशात तयार करून बाजारात आणले. त्यापूर्वी ते परदेशांतून मागवावे लागे.

मापांच्या घोटाळ्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण लहान विमानाचे नाही, पण चूक अशी आहे की ती कोणाच्याही हातून घडावी. २३ जुलै १९८३ रोजी एअर कॅनडाचे एक बोइंग ७६७ विमान माँट्रिऑलहून ओटावामार्गे एडमंटनला निघाले. त्याचे इंधनमापक बंद असल्यामुळे टाक्या काठीने मोजण्यात आल्या. ७,६८२ लिटर इंधन भरले. प्रवासास २२,३०० किलोग्रॅम हवे होते. लिटरांचे वजन काढण्यासाठी १.७७ ने गुणण्यात आले. हा आकडा लिटरमागे पौंडांचा होता. किलोग्रॅमसाठी तो सुमारे ०.८ असावयास हवा होता. यामुळे सुमारे वीस हजार लिटर भरावयाचे तेथे पाच हजारांहूनही कमी भरले गेले. ४१,००० फूट उंचीवर इंधन संपले. कप्तान रॉबर्ट पीअर्सन यांना इंजिनविरहित ग्लायडर चालवण्याचा सराव होता. त्यांनी ते अजस्र विमान तरंगत नेऊन गिम्ली येथील हवाई दलाच्या जुन्या तळावर उतरविले. विमानातील ६९ जणांपैकी कोणीही दगावले नाही. लहान विमानांच्या पुस्तिकांतून आजही गॅलन, लिटर, पौंड व किलोग्रॅम एकत्र नांदतात. इंधनाची पावती लिटरांत, काठीच्या खुणा गॅलनांत आणि वजनाचा तक्ता पौंडांत, असा प्रकार विरळा नाही.

हिशेब जुळला की विमानाभोवती फेरी घालावयाची. ही फेरी लेखी यादीप्रमाणे घालण्याच्या प्रथेमागेही एक दुर्घटना आहे. ३० ऑक्टोबर १९३५ रोजी अमेरिकेतील राइट फील्ड येथे बोइंग कंपनीचे चार इंजिनांचे नवे बाँबफेकी विमान, नमुना २९९, लष्करी चाचणीसाठी उडाले. जमिनीवर उभे असताना वाऱ्याने हलते भाग आपटू नयेत म्हणून ते अडकवून ठेवण्याची सोय त्यात होती. ती मोकळी करावयाची राहून गेली. विमान तीव्र चढाव घेत वर गेले, त्याचा आधार सुटला आणि ते कोसळून पेटले. मेजर प्लॉयर हिल आणि बोइंगचा चाचणी-वैमानिक लेस्ली टॉवर हे दोघेही प्राणास मुकले. दोघेही आपल्या विद्येत निष्णात होते. म्हणून अधिक निष्णात वैमानिक शोधण्याऐवजी, करावयाच्या कृतींची छोटी यादी वैमानिकाच्या हाती देण्याचा उपाय निघाला. पुढे याच विमानाची सुधारलेली आवृत्ती बी-१७ या नावाने जगप्रसिद्ध झाली.

सेसनाच्या फेरीचा आरंभही हीच अडकण काढण्यापासून होतो. सुकाणूच्या दांड्यातील खीळ काढावयाची, इंजिनाची किल्ली बंद असल्याची खात्री करावयाची, मापक वाचून ठेवावयाचे आणि मग शेपटाकडून सुरुवात करून एकेक पंख, एकेक बिजागरी, चाके, नाक असे पाहत यावयाचे. प्रोपेलरच्या पात्याची धार बोटांनी चाचपून खाचा शोधतात. पण किल्ली बंद असली तरी ते कोणत्याही क्षणी फिरू शकते असे समजूनच त्याजवळ उभे राहावयाचे असते. या साऱ्यात इंधनाशी संबंधित जागा चार, आणि घाई होते ती नेमकी तेथेच.

पहिली जागा टाकीचे झाकण. पंखाच्या वरच्या पृष्ठभागावर हवेचा दाब कमी असतो. झाकण सैल राहिले तर उडताना इंधन त्या वाटेने शोषले जाते आणि खालून पाहणाऱ्यास काहीही कळत नाही. दुसरी जागा हवेची नळी. टाकीतील इंधन जसे उतरते तशी त्याची जागा घेण्यास हवा आत यावी लागते. विमान काही दिवस उभे राहिले की कुंभारीण माशी या नळीच्या तोंडाशी मातीचे घर बांधते. त्यानंतर उडणाऱ्या विमानाचे इंजिन भरल्या टाकीनिशी बंद पडू शकते.

तिसरी जागा तळाची निचरा-झडप. अर्धवट भरलेल्या टाकीत रात्रीच्या गारव्याने बाष्पाचे थेंब जमतात. पावसाळ्यात झाकणाच्या जीर्ण रबरातून पाणी झिरपते. पाणी पेट्रोलहून जड असल्यामुळे ते तळाशी, म्हणजे इंजिनाकडे जाणाऱ्या वाटेवरच बसते. म्हणून पारदर्शक पेल्यात थोडे इंधन काढून प्रकाशाकडे धरावयाचे. पाणी असल्यास दोहोंमधील रेषा दिसते. येथे एक फसगत संभवते: पेला संपूर्ण पाण्यानेच भरला असेल तर रेषा दिसत नाही आणि पाहणारा समाधान पावतो. यास्तव रेषेबरोबर रंगही पाहावा लागतो. आजचे नेहमीचे विमान-पेट्रोल निळसर असते. इंधन भरल्यावर लगेच नमुना काढणेही व्यर्थ ठरते, कारण ढवळलेले पाणी तळाशी बसण्यास थोडा अवधी लागतो.

चौथी जागा म्हणजे इंधन देणारी गाडी. जेट विमानांचे रॉकेलसदृश इंधन दट्ट्याच्या इंजिनात पडले तर इंजिन सुरू होते, कारण नळीत आधीचे पेट्रोल असते. ते धावपट्टीपर्यंत नेतेही, आणि उड्डाणानंतर थोड्याच वेळात निकामी होते. मिसळलेल्या इंधनाचा निळा रंग फिका पडतो, पण मिश्रण थोडे असेल तर तो फरक डोळ्यांना फसवतो. म्हणून इंधन भरले जात असताना वैमानिकाने स्वतः विमानापाशी उभे राहावे व पावतीवरील नाव वाचावे, अशी शिकवण आहे.

या बाबतीत पूर्वीचे लोक अधिक सावध होते असे म्हणण्यास जागा आहे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा पहिली टपाल घेऊन कराचीहून ‘पस मॉथ’ विमानाने मुंबईस जुहूला आले. वाटेत अहमदाबादेस त्यांच्यासाठी पेट्रोल आले ते चार-चार गॅलनांच्या डब्यांतून, बैलगाडीवर लादून. त्या काळी पेट्रोल मऊ कमावलेल्या कातड्यातून गाळून टाकीत ओतण्याची रीत वैमानिकांत रूढ होती; असे कातडे पेट्रोल सोडते आणि पाणी अडवते. इंधन डोळ्यांदेखत ओतले जाई. पंपाच्या तोटीने ते ओझे कमी केले आणि डोळेही दुसरीकडे वळविले.

विमान हवेत गेल्यावर कागदावरचा हिशेब संपत नाही. नदीवरील पूल, रेल्वेचा सांधा अशा आधी ठरविलेल्या खुणांवरून जाताना घड्याळ पाहून वेळ टिपली जाते. पहिल्या दोन खुणांतच सहा मिनिटांचा उशीर झाला तर वारा अंदाजाहून अधिक आहे हे कळते आणि परत फिरण्याचा किंवा वाटेत उतरण्याचा निर्णय हाती वेळ असताना घेता येतो. ज्या विमानांत उजवी वा डावी अशी एकच टाकी निवडावी लागते, त्यांत दर अर्ध्या तासाने तोटी बदलून ती वेळही लिहून ठेवतात. विमान उतरून जागेवर उभे राहिले की काठी पुन्हा टाकीत जाते. प्रत्यक्ष शिल्लक आणि कागदावरील शिल्लक शेजारी शेजारी वहीत मांडली की, पाच-दहा उड्डाणांनंतर हे विशिष्ट विमान आपल्या हातात तासाला किती इंधन जाळते, तो पुस्तिकेत न सापडणारा आकडा वैमानिकाला मिळतो, आणि पुढच्या वेळी तोच धरून हिशेब मांडता येतो.